शून्याखालचा सडा

मी जर्मनीला फिरायला गेलेच नव्हते. गेले होते पोरीला परत आणायला. फिरणं आपोआप झालं, आणि असं झालं की साकोलीत भेटेल त्याला सांगत सुटले आहे. शेवटी शाळेतल्या मैत्रिणी वैतागल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, लिहूनच टाका ना एकदाचं." म्हणून हा लेख. ज्यांची मुलं परदेशात शिकतात किंवा शिकायला निघाली आहेत, त्यांनी तर वाचाच.

आमची रेणू ड्रेस्डेनला पाणी-व्यवस्थापनाचं पुढचं शिक्षण घेते. ऑक्टोबरात मोठ्या उत्साहाने गेली आणि दिवाळीनंतर रोज रडका फोन. "आई, मले नाही जमून राहिलं इथं. वर्गातून खोलीत, खोलीतून वर्गात. कोणाशी बोलावं तं तोंडच उघडत नाही." पुढे नुसतं मुसमुसणं. तिचे बाबा घरची धानाची शेती बघतात, तसे खमके आहेत. पण पोरगी रडली की त्यांचा घास अडकतो. एक दिवस त्यांनी निकाल लावला. "तू जाय अन् पोरीले घेऊनच ये. परतीची दोन तिकिटं काढलो."

"अहो, एवढ्या मेहनतीनं लागलेली सीट सोडायची?"

"सीट गेली चुलीत. पोरगी तिकडं रडून राहिली अन् तुले सीटची पडली हाय!"

मी शाळेत भूगोल शिकवते. जगातल्या सगळ्या नद्यांवर बोट ठेवून झालंय, पण पासपोर्ट पहिल्यांदाच काढला. पोरीची काळजी होती, खरंच होती. पण खोटं कशाला बोलू, पोटात गुदगुल्याही होत होत्या.

कामाचं आधी सांगते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर घ्या, लगेच मिळत नाही. त्यासाठी मुंबईची एक खेप पडते. प्रवासाचा विमा लागतोच, बँकेचे कागद लागतात आणि मुलीचं बोलावण्याचं पत्र लागतं. सामानात दुधाचे पदार्थ आणि मांस चालत नाही, त्यामुळे खव्याच्या वड्या मी जड मनाने काढून ठेवल्या, आणि वासाच्या भीतीने सुके झिंगेही. दोन किलो चिन्नोर तांदूळ, लाखोळीची डाळ आणि संक्रांत तोंडावर होती म्हणून तिळाचे लाडू मात्र घेतले. वरठी स्टेशनवरून रात्रीची गाडी, मुंबईहून विमान, फ्रँकफर्टहून पुन्हा रेल्वे. रेल्वेचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. ऐन वेळी काढलं तर मात्र डोळे पांढरे होतात.

विमानात मला खिडकी मिळाली. कॉकेशसच्या रांगा दिसल्या तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना उठवून दाखवल्या. ते झोपले होते हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रेणू स्टेशनवर न्यायला आली होती. गळ्यात पडली, रडली. वाळली होती. ट्रामच्या खिडकीतून एल्बे नदी दिसली आणि मी, "अवं, एल्बे! एल्बे!" म्हणून ओरडले, तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हळू. इथं कोणी जोरात नाही बोलत." मला तेव्हाच कळलं की हिचं काय दुखतंय. तळ्याच्या एका पारीवरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या पारीवरच्या माणसाला हाक मारणाऱ्या गावची पोरगी ही. इथे तिने आवाज असा आवरून घेतला होता की तो तिचा तिलाच सापडेना.

वसतिगृहात पाहुण्याला थोडे दिवस राहू देतात, आधी कळवायचं मात्र. खोली लहान पण उबदार. स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांचं एक. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, दुसऱ्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही. नळाचं पाणी पिता येतं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणून ठेवा. रेणूने हे सगळं मला कुजबुजत सांगितलं. जेवताना मी म्हटलं, "शेजारच्या खोलीत कोण राहते वं?" तर म्हणे, "लिन नावाची पोरगी हाय, व्हिएतनामची. मी नाही बोलली तिच्याशी." तीन महिने भिंतीला भिंत, आणि बोलली नाही!

दुसऱ्या दिवशी मला भल्या पहाटे जाग आली. शरीर साकोलीच्याच घड्याळावर चाललं होतं. रेणू गाढ झोपलेली. बाहेर अंधार, पण रस्त्यावर दिवे होते. मी खाली डोकावले. इमारतीच्या दारात दगडी पायऱ्या, त्यांच्यावर सिगारेटची थोटकं, पाचोळा, बुटांचा चिखल. माझ्याने बघवेना. पोरगी राहते त्या घराचं दार असं पारोसं? जिन्याखाली झाडू आणि बादली सापडली. पायऱ्या स्वच्छ झाडल्या, बादलीभर पाणी आणलं आणि मस्त सडा घातला. पायऱ्यांवर, पुढच्या वाटेवर, थेट सायकली ठेवायच्या जागेपर्यंत. गारठ्याने बोटं बधिर झाली, पण मन प्रसन्न झालं. वर येऊन चहा टाकला.

पाणी शून्य अंशाला गोठतं हे मी नोकरी लागल्यापासून शिकवते आहे. त्यावर प्रश्नही काढलेत.

चहा उकळतो न उकळतो तोच खालून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ जर्मन शिव्या. त्या कोणत्याही भाषेत कळतात. इमारतीची देखभाल करणारे काका, त्यांना तिथे हाउसमाइस्टर म्हणतात, कामावर येता येता सायकलसकट माझ्या सड्यावर आडवे झाले होते. नशीब माझं, जाड कोटामुळे काही लागलं नाही. मी धावत खाली गेले, तीही बादली घेऊनच. सगळी वाट काचेसारखी चकचकत होती. ते माझ्याकडे बोट दाखवून गरजायला लागले आणि मी मराठीत, "चुकलं भाऊ, चुकलं," एवढंच म्हणत राहिले.

तेवढ्यात रेणू झोपेतून उठून धावत आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाटेकडे. "अवं माय! सडा टाकलीस?" काका तिच्याकडे वळले. ती अडखळली. दोन शब्द बोलली, थांबली. काका पुन्हा माझ्यावर ओरडले, आणि मग काय झालं कोण जाणे, पोरगी माझ्या पुढे येऊन उभी राहिली आणि घडाघडा जर्मन बोलायला लागली. हात हलवून, झाडायची, शिंपडायची ॲक्शन करून, आकाशाकडे आणि माझ्याकडे बोट दाखवून. मला एक अक्षर कळलं नाही. पण तो आवाज मी ओळखला. आमच्या शेतात बैल शिरले की ती ज्या आवाजात भांडते, तोच.

काकांचा राग पुरता काही गेला नाही. त्यांनी बारीक खडीची बादली आणि दोन फावडी आणून दिली. तुम्ही केलं, तुम्हीच निस्तरा. रास्तच होतं. आम्ही मायलेकी खडी पसरू लागलो, आणि नेमकी वर्गांना जायची वेळ झाली. एकेक पोरगा-पोरगी दारातून बाहेर पडणार आणि घसरणार! रेणू पायरीवर उभी राहून प्रत्येकाला मोठ्यांदा ओरडू लागली, "फोरझिष्ट! फोरझिष्ट!" म्हणजे सांभाळून. जो तो थांबायचा, काय झालं विचारायचा, आणि रेणूला पुन्हा सगळी कथा सांगावी लागायची. एका उंच पोराला तर तिने हात धरून खाली उतरवलं. पाचव्या-सहाव्या वेळेला कथेत रंग भरू लागला. काका कसे आडवे झाले तेही आलं, मात्र ते पलीकडे गेल्यावर. पोरं खो खो हसत होती. शेवटी एक बारीकशी मुलगी आली, सगळं ऐकलं, पाठीवरची बॅग खाली ठेवली आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. ती लिन. तिची आईसुद्धा पहाटे दार झाडून पाणी मारते म्हणे.

मी बाजूला उभी राहून बघत होते. पायाला कळा येत होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की नाचावंसं वाटत होतं. अर्थात तिथे नाचणं धोक्याचं होतं.

संध्याकाळी लिन जेवायला आली. चिन्नोरचा वास घेऊन डोळे मिटले तिने. दुसऱ्या दिवशी हाउसमाइस्टर काकांना तिळाचे लाडू दिले, रेणूनेच समजावून. त्यांनी एक खाल्ला, उरलेले खिशात टाकले आणि माझ्याकडची बादली मात्र परत नेली.

पुढचे दिवस भुर्रकन गेले. नदीकाठी चाललो, जुने राजवाडे पाहिले, बर्फात मी दोनदा मुद्दाम बसून घेतलं. दिवसभराचा ट्रामचा पास काढला तर मनसोक्त भटकता येतं. बाहेरची कॉफी साधारण चार युरोला पडते. रुपयांत हिशेब केलात तर प्यायलीच जाणार नाही. खूप ठिकाणी मी आणि लिनच फिरलो, खाणाखुणांवर. रेणूला वर्ग असायचे.

परतीच्या आदल्या दिवशी मी सरळच विचारलं. "बाबांनी दोन तिकिटं काढली हायेत. बॅग कधी भरतेस?"

तिने चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "आई, सोमवारी लिन अन् मी कपडे धुवायच्या मशीनची वेळ घेतली आहे. इथं वेळ लवकर भेटत नाही."

"मंग?"

"मंग काय? सोडली तं पुढचे दहा दिवस मळके कपडे घालाव लागन."

तिचं तिकीट मी पर्समध्येच राहू दिलं. स्टेशनवर यावेळी रडले ती मीच, आणि चांगली मोठ्याने रडले. रेणूने "हळू" म्हटलं नाही.

हे वरठीला जीप घेऊन आले होते, दोघींचं सामान बसावं म्हणून. माझ्या मागे बघत राहिले. "पोरगी कुठी हाय?" मी सगळं सांगितलं. भंडारा गेलं, लाखनी गेली, ते रस्त्यावरून नजर न काढता जीप हाकत राहिले. मला वाटलं रागावले.

आता परत येऊन महिना होतोय. रोजचा फोन आठवड्यावर आला आहे, तोही घाईघाईत. मागून कुणीतरी हाका मारत असतं. मी वर्गात एल्बे शिकवताना जास्तच वेळ घेते असं पोरं म्हणतात. तिथे पोरीचं बस्तान बसलं याचं सुख आहे, आणि घर खायला उठतं हेही खरं आहे. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

नव्या धानाची पोती इतके दिवस पडवीत होती. उंदीर लागत होते, पण हे ती रेणूच्या खोलीत ठेवू देत नव्हते. पोरगी परत येईल म्हणून ती झाडून, चादर घालून तयार ठेवली होती ना. परवा रविवारी तिचा फोन आलाच नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग हे उठले, तिच्या खोलीतली खाट भिंतीला उभी केली आणि एक पोतं खांद्यावर घेऊन आत गेले.

मी पदर खोचला आणि दुसरं पोतं ओढायला घेतलं.