अर्थिंगचा खड्डा

बोरीचा रंगनाथ वायरमन कुठल्याही यंत्राला आधी पालथा हात लावायचा. तळहात लावला आणि आत करंट असला, तर बोटं आपोआप मिटतात, मग सुटत नाहीत. हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतंच. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याची बायको सुलाबाई कूलरला चिकटून गेली, तेव्हापासून जरा जास्तच ठाऊक झालं होतं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी त्याने बसवंतअप्पांच्या विजेवरच्या गाडीलाही पालथाच हात लावला. अप्पांचं बियाण्यांचं दुकान. गाडी त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, सिद्धम्माच्या, किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. बसचे धक्के तिला सोसत नव्हते. उद्या सकाळी आठची पाळी होती, गाडीत चार टक्के चार्जिंग उरलं होतं आणि भिंतीवरच्या चार्जरचा लाल दिवा कालपासून हिरवा होत नव्हता. लग्नसराईत गावातल्या सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या.

रंगनाथने व्होल्टेज तपासलं. ठीक होतं. स्विच ठीक, वायर ठीक. मग त्याने साधा बल्ब फेज आणि अर्थिंगच्या मध्ये लावला. तो लख्ख पेटायला हवा होता. आतली तार तेवढी तांबूस झाली.

"चार्जर चांगला हाय, अप्पा. अर्थिंग मेलंय. करंट गळाला तर जमिनीत जायला त्याला वाट न्हाई, म्हणून हे सुरूच होईना गेलंय."

"मग न्यूट्रलची तार जोडून टाक की अर्थिंगला. जिंतूरचा लिंबाजी तसंच करतो म्हणं. दहा मिनटात हिरवा दिवा."

"न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरल."

"एका दिसात कुठं तुटायलीय?"

"आपल्या डीपीच्या खांबावर? वारं सुटलं की तुटती."

"तुला जमना म्हण की सरळ! वायरमन हायस का ज्योतिषी?" असं म्हणत अप्पांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते लिंबाजीचा नंबर शोधू लागले.

लिंबाजी तासाभरात येणार होता. दोन तारा पिळून, चहा पिऊन जाणार होता. रंगनाथला गाडीचं पांढरं दार दिसत होतं आणि उद्या त्या दाराला टेकणारा सिद्धम्माचा सुजलेला तळहात.

"अप्पा, सुलाला कूलरनं न्हाई मारलं," तो म्हणाला. "मी मारलं."

अप्पांचं बोट मोबाईलवर थांबलं.

"गावभर अर्थिंगचे खड्डे केले, माझ्या घरी करायला सवड न्हवती. कूलरला हीच जोड दिली होती. वारं सुटलं, न्यूट्रल तुटली. ती पाणी भरायला गेली."

गावाला त्याने सांगितलं होतं, लाइनीतूनच जास्त दाब आला. चारठाण्याला दिलेली त्याची लेक, पिंकी, आजही सगळ्यांना तेच सांगायची.

अप्पांनी मोबाईल खिशात टाकला. रंगनाथ अंगणात अर्थिंगचा खड्डा शोधू लागला. मग खिडकीतून, आतल्या खाटेवरून सिद्धम्माचा आवाज आला.

"खड्डा फरशीखाली हाय. गाडीसाठी अंगणात फरशी टाकली, तवा मिस्त्रीनं बुजवला. वीस साल मी रोज भांडे विसळलेलं पाणी तिथंच टाकत व्हते. ओला ठेवा म्हणून वायरमननंच सांगितलेलं. खाटंवरून वरडले, कुणी ऐकलं?"

पहार अप्पांनीच आणली. कोऱ्या फरशीवर पहिला घाव त्यांनीच घातला. खाली मीठ आणि कोळसा कोरडाठाक, तारेची पकड गंजून सुटलेली. रंगनाथने नवी पकड आवळली, खडे मिठाची पिशवी ओतली, वर चार घागरी पाणी. माती आवाज करत पीत राहिली.

"मला डाक्टरनं पाणी नेमलंय दिवसाला दीड तांब्या," सिद्धम्मा आतून म्हणाली, "अन् त्याला चार घागरी."

ती एकटीच हसली.

बल्ब लख्ख पेटला. चार्जरचा दिवा हिरवा झाला. रंगनाथने गाडीच्या दाराला पालथा हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"लावा आता हात, अप्पा."

अप्पांनी लावला नाही. "पिंकीला म्हाईत हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

भिंतीपलीकडे शेजारची कडूबाई भांडी घासत होती. तिच्या भांड्यांचा आवाज कधीचा थांबला होता. दिवेलागणीपर्यंत गाव बोलणार होतं आणि चारठाण्याला फोन जायला तेवढाही वेळ लागणार नव्हता.

रंगनाथने पिशवीत पक्कड, टेस्टर, बल्ब भरला. घराकडे न वळता तो तसाच स्टँडवर गेला. जिंतूरची बस लागलेली होती. तिथून पुढे चारठाणा. बसमध्ये चढून त्याने लेकीला फोन लावला.

"यायलोय तुझ्याकडं. घरीच थांब."

"आज? असे मधीच?" पिंकीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मग मुक्कामालाच या, बाबा. तुमच्यापुरत्या भाकरी टाकू?"

बस हलली. 

"बाबा? ऐकू यायलंय का?"