टेकडीवरची सोलर प्लेट

विमलबाईंना वीज कंपनीत नोकरी लागली ती नवऱ्याच्या जागी. नवरा लक्ष्मणराव नेरडीगोंड्याकडचे लाइनमन. पाच वर्षांमागे टेकडीवरल्या खांबावर चढले, लाइन बंद आहे असं समजून तारेला हात घातला. ती चालू झाली होती. टेकडीवर फोन लागत नसे. खाली सबस्टेशनात ड्यूटी बदलली आणि वर माणूस आहे हा निरोप मधेच राहिला. चौकशी झाली, पण चूक कोणाची ते ठरलंच नाही.

बाई ऑफिसात चहापाणी, फायली बघायच्या. त्या टेकडीच्या वाटेला कधी गेल्या नाहीत.

यंदा दिवाळीनंतर कंपनीनं लांबच्या खांबांवर नव्या पेट्या बसवल्या. त्यांच्या सोलर प्लेटा पुसायचं काम बाईंकडे आलं. दाखवायला नवे इंजिनिअर भार्गव जीपमधून घेऊन गेले. तिसरा खांब टेकडीवरचा निघाला. बाई उतरल्या.

"मावशी, ही प्लेट पेटीतली बॅटरी भरते," भार्गव उत्साहानं सांगत होते. "लाइन चालू की बंद, ते रेडिओवरून ऑफिसात दिसतं. स्विचही तिथूनच पडतो. वर माणूस काम करत असला तर तो लॉक करून ठेवतात, कोणी चुकून चालू करूच शकत नाही."

"हे बसवाले किती दिवस लागले, सायेब?"

"दोन."

"आन् आधी काऊन नाई बसवलं?"

"दुसरीकडं कधीचं आहे. या टेकडीकडं कोण बघतं?" भार्गव हसले.

ड्रायव्हर मोतीराम लक्ष्मणरावांच्या ओळखीचा. त्यानं साहेबांना बाजूला नेऊन हळूच काही सांगितलं. भार्गव परत आले ते खाली बघतच.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. हा खांब तुमच्या यादीतून काढतो."

"राहू द्या. एवढ्यासाठी दुसऱ्याले काऊन धाडता?"

बाईंनी बांबूला ओलं फडकं गुंडाळलं आणि प्लेट पुसली. धूळ बरीच होती. दोनदा पुसावी लागली.

घरी आल्यावर त्या चूल न पेटवता पायरीवर बसून राहिल्या. दोनच दिवसांचं काम, एवढंच डोक्यात फिरत होतं. लेक रूपा कॉलेजातून आली.

"आई, आज कुठं गेलतीस?"

"ऑफिसच्या कामानं," बाई म्हणाल्या, आणि भात टाकायला उठल्या.

आता दर मंगळवारी त्या टेकडीवर जातात. रूपाला अजून सांगितलेलं नाही.