रिकाम्या हाताने

एखादी वाडी तिच्या मालकाच्याच चांगुलपणापासून कशी वाचवायची, हे तुम्हाला कोणी शिकवलं आहे का? मला नाही. विहिरी उपसणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध, भरावाच्या ट्रकांविरुद्ध मी पत्रकं लिहिली. आमच्या मामांविरुद्ध काय लिहावं ते मात्र अजून सुचलेलं नाही. वसईपासून आगाशीपर्यंत इतका भला आणि इतका गोंधळात टाकणारा माणूस दुसरा नाही.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गिरीजला त्यांची वडिलोपार्जित वाडी. केळी, मधूनमधून नारळ, कडेला पानवेली आणि मधोमध विहीर. तिच्यावरचा रहाट जाऊन इंजिन आलं, पण ती कोणत्या पिढीने बांधली हे सांगणारं माणूस आता गावात नाही. या वाडीतून कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही, असा त्या घराचा रिवाज आहे आणि मामा तो धर्मासारखा पाळतात. एकदा पपया चोरणारा सापडला, तर त्याला त्यांनी गोणपाट दिलं. "उघड्या नेशील तर दबतील रे," म्हणाले. प्लॉट पाडणाऱ्या शेठचा माणूस पांढरे बूट घालून भाव ठरवायला आला, त्याला उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, म्हणजे सुकेळ्यांची, पुडी मिळाली. तो पुन्हा आला तो आधी सुकेळी मागतच. दुसरी खोड अशी की समोर बसेल त्याचं मामांना पटतं. सकाळी ते बूटवाल्याला म्हणाले, "इमारती हव्यातच, माणसं राहणार कुठं?" संध्याकाळी मला म्हणाले, "वाडी गेली तर माणसं खाणार काय?" मी वैतागून विचारलं, "मामा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

"आत्ता तूच बसलायस ना समोर," मामा म्हणाले.

मामांच्या मुंबईतल्या धाकट्या भावांना वाडी विकायची होती. सरकारी साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी 'बागायत' लिहिलं तर प्लॉट पडणार नव्हते, 'पडीक' लिहिलं की पडणार होते. आम्ही गावकऱ्यांनी बचाव समिती काढली, बस्त्यावकाकांना अध्यक्ष केलं, आणि ठरवलं की साहेब येतील त्या दिवशी अख्खा गाव वाडीत उभा दिसला पाहिजे. पत्रक अर्थात मी लिहिलं. त्यातली भाषा इतकी जळजळीत होती की मामांनी ते वाचून विचारलं, "कोणाची रे ही वाडी? बिचाऱ्यावर फार वाईट वेळ आलेली दिसते."

गाव खरोखरच आला. चर्चमधली मिस्सा आटोपून माणसं थेट वाडीत शिरली, देवळाकडच्या बाया आल्या, म्हातारे आले. साहेबांची जीप तेवढी आली नाही. ऊन चढलं, घरी चुली खोळंबल्या, लोक निघू लागले. आणि मामांनी कोयता उचलला.

घड उतरवला की केळ आडवी करतात, ती काही पुन्हा फळत नाही. तिच्या बुडाशी मुनवे फुटलेले असतात, त्यांच्यावर पुढची वाडी उभी राहते. मामा घड उतरवत गेले, केळी आडव्या करत गेले. घड पुरेनात तेव्हा मुनवे खणून देऊ लागले. मामी मागून सांगत होत्या, "अहो, साहेब यायचेत. निदान पुढची रांग तरी ठेवा."

"मग पुढं उभं राहिलेल्यांना काय देऊ?" मामा म्हणाले. बस्त्यावकाका अडवायला गेले आणि खांद्यावर घड घेऊन परत आले.

जीप आली तेव्हा विहिरीभोवती नुसते बुंधे उरले होते. साहेबांनी विचारलं, "यातली बागायत कुठली?" मामांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "ती काय, घरी चाललीय." साहेब कधी बुंध्यांकडे, कधी घड घेऊन चाललेल्या माणसांकडे पाहत राहिले. मामा शेवटचा घड जीपमध्ये ठेवू लागले, तसे ते घाईघाईने म्हणाले, "नको, नको, हे चालत नाही."

"चालत नाही म्हणून तर गाडीत ठेवतोय," मामा म्हणाले.

साहेबांनी तो घड खाली काढून ठेवला आणि सांगून गेले, "पावसाळ्यानंतर पुन्हा येईन. तेव्हा वाडी दिसली नाही तर मी पडीकच लिहिणार."

मी मामांवर फार चिडलो. ते विहिरीच्या काठावर बसून होते. "वाडी कुठं संपली? गावभर गेली," म्हणाले. मग मान वर करून पाहू लागले. नंतर हलकेच म्हणाले, "पण उजेड फार आला रे इथं. एवढा उजेड मी या जागी कधी पाहिला नव्हता." कोणाच्या बाजूने आहात, हे त्यानंतर मी त्यांना विचारलेलं नाही.

तेव्हा हेही पत्रकच समजा. पाऊस सुरू व्हायच्या आत एक मुनवा घेऊन गिरीजला या. त्या दिवशी नेलेला असो, नाहीतर तुमच्या परसातला असो. तो स्वतःच्या हाताने विहिरीपाशी लावा. निघताना मामा तुमच्या हातात काहीतरी ठेवू पाहतील; नारळ ठेवतील, काहीच नसलं तर विड्याची चार पानं ठेवतील. ते घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल, त्याचा दोष माझ्यावर घाला; पण एवढ्या एका वेळी त्या वाडीतून रिकाम्या हाताने निघा.