बिनतलवारीचे अकरा पानी नियम

चार माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप साठतात. माळ्यावरच्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात! आमच्याकडे तीन वर्षांचे साठलेत, आणि प्रत्येकात शेवटी डोक्याला हात लावून बसलेला माणूस मीच आहे.

आधी आम्ही करतो काय ते सांगतो, कारण माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की आम्ही पत्ते कुटतो. आम्ही एक गेम खेळतो. गोष्ट मी सांगतो : जंगल, किल्ला, राक्षस वगैरे. बाकीचे तिघं त्या गोष्टीतले शूरवीर. काय करणार ते त्यांनी बोलायचं, आणि ते जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. मारामारीचे नियम गेमच्या पुस्तकात ढीगभर. पण समोरच्याशी नुसतं बोलायचं असेल तर? तिथे पुस्तकाने हात वर केलेले!

म्हणून मी, इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासणारा माणूस, स्वतः दोन पानी नियम लिहिले. आधी काय हवंय ते सांगा. बदल्यात काय देणार ते सांगा. मग फासा. बारा किंवा त्याच्या वर पडलं की होकार, खाली पडलं की नकार. तीन नकार पडायच्या आत तीन होकार मिळवले की काम फत्ते. शाळेतल्या पोराला कळेल इतकं सोपं.

जागा म्हणजे मीरा रोडच्या आमच्या सोसायटीचं ऑफिस, दुपारी तीन ते सहा. चौघांचीही घरं वन बीएचके, त्यामुळे ही खोली गेली तर गेम गेला. आणि खोलीची किल्ली सेक्रेटरी सावंतकाकांकडे. परवानगीही त्यांचीच, चौघांपुरती. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न : "जुगार नाही म्हणता, मग फासे कशाला?"

*

नियम लिहायची वेळ आणली जिग्नेशने. याचं नवघरला प्लायवूडचं दुकान. गेममध्ये हा कुऱ्हाडवाला योद्धा.

रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती. ती फक्त किल्ल्याची वाट सांगणार होती! मी रंगात येऊन तिचं वर्णन केलं. सुरकुत्या, काठी, थरथरणारा आवाज. माझं वाक्य संपायच्या आत जिग्नेशने फासा टाकला आणि कुऱ्हाड घातली.

"अरे, ती वाट सांगणार होती रे!"

"तो पहले बोलने का ना भाई! तू एवढं वर्णन केलंस, मला वाटलं हीच मेन व्हिलन आहे!"

त्यानंतर आम्ही तीन रविवार जंगलात वाट चुकून फिरत होतो.

*

दुसरी स्नेहल. ही एका कंपनीत एचआरला आहे, आणि तिचं ऑफिस रविवारीही सुटत नाही.

पुलावर राक्षस पहारा देत होता. नवे नियम होते, मी खूश होतो. स्नेहलने खुर्ची पुढे ओढली आणि राक्षसाला विचारलं, "इथे तुमची ग्रोथ होतेय असं वाटतं का तुम्हाला?"

फासा पडला एकोणीस. होकार! "तुमचा राजा तुमचं काम बघतो तरी का?" सतरा. "मग तुम्ही दुसरीकडे का नाही बघत?" चौदा. तीन होकार झाले. राक्षसाने राजीनामा दिला. मी स्वतः टाळ्या वाजवल्या.

"चला, पूल ओलांडा," मी म्हटलं.

"नाही दादा, असं कसं? त्याचा तीन महिने नोटीस पीरियड आहे."

मी हसलो. ती हसली नाही. हँडओव्हर झाल्याशिवाय जागा सोडणं बरोबर नाही, हे तिने त्या राक्षसाला इतकं पटवलं की तो पुन्हा पुलावर उभा राहिला. गदा घेऊन!

*

जिग्नेशलाही मी नियम शिकवले. काय हवंय ते आधी सांग, कुऱ्हाड खाली ठेव. ठेवली बिचाऱ्याने.

समोर अजगर, त्याच्या विळख्यात राजकन्या. जिग्नेश म्हणाला, "राजकन्या पाहिजे. ढाल देतो." फासा सात. नकार. जिग्नेश लगेच उठला. "नहीं चाहिए. चलो रे."

"अरे, अजून दोन संधी आहेत!"

"तू थांब ना भाई. गिऱ्हाईक दोन पावलं गेलं की दुकानदार हाक मारतोच."

ते दहा पावलं गेले. मग टेकडी उतरले. अजगराने हाक मारली नाही. पण आता मागे वळलं तर इज्जत जाते, म्हणून जिग्नेश बाकी दोघांना घेऊन थेट पुढच्या गावी गेला. राजकन्या अजून तिथेच आहे.

*

प्रशांत आमच्यात शांत. मुर्धा गावचा, घरची मासेमारी, स्वतः लॅब टेक्निशियन. हा तरी त्रास देणार नाही असं मला वाटायचं.

बेटावर जायला होडी हवी होती. मी सीन लावला : काल रात्री अर्धा चंद्र होता, आता भर दुपारचे बारा, भरतीचं पाणी धक्क्याला लागलंय. तिघांनी नियमाने बोलणी केली, होडीवाल्याचे तीन होकार मिळवले. मला गहिवरून आलं!

तेवढ्यात प्रशांत म्हणाला, "न्हाय दादा. होरी न्हाय निघायची."

"का?"

"अर्धा चांद म्हंजे अष्टमी हाय. अष्टमीला दुपारी बाराला भरती? त्या टायमाला सुकती आसते. होरी चिखलात बसलेली हाय."

"प्रशांत, हे काल्पनिक बेट आहे."

"बेट काल्पनिक हाय. चांद तर खरा हाय ना?"

त्या दिवशी आम्ही तासभर काल्पनिक भरतीची वाट बघत बसलो आणि खरे वडापाव खाल्ले.

*

असं एकेक भोक बुजवता बुजवता दोन पानांची अकरा पानं झाली. नोटीस पीरियडचं कलम, उठून जाण्याचं कलम, भरती-ओहोटीचं कलम. तिघांपैकी एकानेही ती वाचली नाहीत. चिडतो मी. पण आठवडाभर लोकांचे खरे-खोटे क्लेम वाचून रविवारी ही तिघं दिसली की बरं वाटतं, हेही खरं.

आणि गेल्या महिन्यात सावंतकाकांनी सांगितलं, "रविवारी चार वाजता कुलूप लावणार. फासे बंद."

ते आलेच, हातात कुलूप घेऊन. आम्ही गोष्टीत किल्ल्याच्या दरवाजापाशी होतो, दरवान मी. काकांची विनवणी करायला मी तोंड उघडणार, तर जिग्नेश म्हणाला, "एक मिनिट काका, आधी हा गेट उघडू दे."

काका उभ्याने ऐकू लागले. दोन मिनिटांत त्यांना राहवेना. "कुठून आले, कोणाकडे चालले, काही विचारायची पद्धत? अहो, तुम्ही कसले दरवान!" असं म्हणून ते खाली बसले आणि स्वतःच दरवान झाले.

आणि काय सांगू! तीन वर्षांत पहिल्यांदा तिघं नीट बोलले. काय हवं ते सांगितलं, काय देणार ते सांगितलं, एकेक करून. काका दुसरं काही ऐकूनच घेत नव्हते! दोन होकार, दोन नकार झाले. शेवटचा फासा प्रशांतने टाकला. पंधरा.

काकांनी माझी अकरा पानं बोट ठेवून वाचली. सगळी. "तीन होकार. दरवाजा उघडावा लागेल," ते म्हणाले आणि कुलूप खिशात टाकलं.

मी पटकन विचारलं, "मग काका, खोली?"

"खोली राहील. पण परवानगी चौघांची आहे. इथे बसलेत पाच."

मी मोजले. पाचच होते.

"हे तिघं रीतसर दरवाजातून आत आले. मी दरवान," काका म्हणाले. "तुम्ही कोण?"

मी तिघांकडे बघितलं. स्नेहल फासा पुसत होती. प्रशांत छताकडे बघत होता. जिग्नेश म्हणाला, "रूल है तो रूल है, भाई."

मी बाहेर आलो, चपला घातल्या. आतून काकांचा आवाज आला, "हं, तर ऐका. किल्ल्यात पाणी येतं फक्त सकाळी सात ते आठ."

बराच वेळ मी दाराशी उभा होतो. आत कोणीही मध्ये बोललं नाही.