नवनाथच्या कॉम्प्युटरला लागलेली नजर

आमच्या शेजारचा नवनाथ वारूळवाडीत लग्नपत्रिका छापायचा. त्याच्या कॉम्प्युटरचा थाट नव्या नवरीसारखा. अंगावर टॉवेल, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला तोंड दिसायचं नाही. दोन हजार दोनच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला त्याच्या आईनं, बयाबाईनं, चोपडीच्या जागी सीपीयूच मांडला. हळद, कुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता.

पूजेनंतर नवनाथनं फ्लॉपी आत सारली, ती आतच बसली. आणि गावातल्या सावळेरामच्या पोरीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर नेमका तिच्यातच! कुणाचं नाव कुणाच्या वर घालायचं, यावर भावकी दोनदा रुसून, एकदा जेवण सोडून कशीबशी एक झाली होती. तिला पुन्हा विचारायची नवनाथची छाती नव्हती.

त्यात सावळेरामनं दम भरला, “शनवारी पत्रिका पायजे, न्हाईतर मंचरला छापायला टाकतो.”

नारायणगावच्या मेकॅनिकनं आधी माऊस बदलला. फ्लॉपी आतच. मग पॉवर सप्लाय बदलला. फ्लॉपी आतच. दोन्हीचे पैसे घेऊन तो गंभीरपणे म्हणाला, “मदरबोर्ड गेला असंल.”

शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी आणि नवनाथ पुण्याला निघालो. सीपीयू त्याच्या मांडीवर. कंडक्टरनं त्याचंही लगेजचं तिकीट फाडलं. पुण्याच्या मेकॅनिकनं झाकण उघडून तोंड वाकडं केलं, “आधी कोणी हात लावला याला?” मग चिमट्यानं फ्लॉपी ओढली. तिच्यामागून तांदळाचे लालभडक दाणे आले.

“भात लावलाय का आत?”

ड्राइव्ह मोडला होता. नवा घेतला. मजुरी वेगळी, आणि ‘चेकिंग’चे आणखी वेगळे. तेवढ्या पैशात बयाबाईच्या घरात वर्षाचा तांदूळ भरला असता.

परतीच्या वाटेवर नवनाथ कानाशी आला, “भाऊ, तांदळाचं गावात बोलू नका. व्हायरस व्हता म्हणा.”

मी लगेच कबूल झालो. मला पुढची गंमत बघायची होती.

दुकानात सावळेराम खुर्ची अडवून बसलेला, आणि दारात बयाबाई ताट घेऊन उभी.

“काय झालं व्हतं रं?”

“व्हायरस, आई.”

“म्हंजी नजरच की! ठेव खाली, ववाळते.”

नवनाथनं पटकन ड्राइव्हच्या फटीवर पंजा ठेवला. खरं कारण सांगावं, तर आईची पूजा आणि स्वतःची अक्कल, दोन्हींचा गावभर बोभाटा होणार.

“हात काढ रं,” सावळेराम खेकसला. “माझ्या पोरीचं शुभकार्य हाय.”

पंजा निघाला. अक्षता पडल्या, चांगल्या दोन मुठी. नवनाथनं डोळे मिटून फ्लॉपी सारली. आतून कर्रर्र आवाज आला.

“मंचरलाच टाकतो!” सावळेराम उठला. “आण माझी फ्लॉपी!”

“ती आत हाय, मामा.”

सोमवारच्या एसटीत सीपीयू सावळेरामच्या मांडीवर होता. खेडचा घाट लागेपर्यंत तो त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. शेवटी मला म्हणाला, “भाऊ, ह्यो व्हायरस हाय तरी कंच्या जातीचा?”

नवनाथनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. पण तोवर माझ्या तोंडून निघून गेलं होतं,

“आंबेमोहोर.”