बाकीचा मजकूर वकील सांगतील

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतली मोडी पत्रं वाचायचा मला नाद आहे. ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, आणि घर दूर अजमानला, त्यामुळे येता-जाता बसमध्ये लॅपटॉपवर स्कॅन उघडून बसतो. दरबाराने इंग्रज रेसिडेंटला लिहिलेली ही पत्रं. पानभर स्नेह, क्षेमकुशल, आणि शेवटी ठरलेली गोष्ट: बाकीचा मजकूर वकील समक्ष सांगतील. गोड ते कागदावर, अवघड ते वकिलाच्या, म्हणजे दरबारच्या दूताच्या, तोंडी. कधीकधी धन्याचा खरा बेत त्या वकिलालाही ठाऊक नसायचा. मला त्याची कीव यायची.

घरी मी तेच करत होतो.

बायकोचं न् माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मुलीची बारावी झाली की बायकोला पुण्याला परतायचं होतं. मला नव्हतं. तिथे या वयात मला कोण नोकरी देणार, ही भीती. पण ती कधी बोलून दाखवली नाही. निरोप मुलगी न्यायची. आधी दूध, भाजी, एसीवाला. मग हिवाळ्यात एकदा मी तिला म्हणालो, "आईला सांग, बाबा मार्चमध्ये राजीनामा देतोय."

मी सांगितलं असतं तर बायकोने मानलं नसतं. मुलीने सांगितलं म्हणून मानलं.

घर निवळलं. बायकोने शाळेतली नोकरी सोडली, खोकी भरायला घेतली. राजीनामा मी देणारच नव्हतो. रोज संध्याकाळी त्या खोक्यांमधून अंग चोरून आत शिरायचं आणि हसायचं.

मार्च उलटल्यावर मुलीला गॅलरीत गाठलं. "आईला सांग, कंपनी इतक्यात सोडत नाहीये. इन्शाल्ला, दिवाळीपर्यंत..."

"इज दॅट ट्रू?"

मी खाली रस्त्याकडे बघायला लागलो.

"अँड मार्च? वॉज दॅट ट्रू?"

"बेटा, समजून घे जरा."

"शी बिलीव्ह्ड मी, बाबा. तुम्हाला नाही, मला." तिचा आवाज चढला नाही. "खलास. यू टेल हर."

आत बायको खोक्याला चिकटपट्टी लावत होती.

"मी राजीनामा दिलेला नाही," मी म्हणालो. "देणारही नव्हतो. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं."

तिने मान वर केली नाही. "तिला नक्की माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग ठीक आहे." तिने चिकटपट्टी दाताने तोडली. "आम्ही दोघी निघतो. त्या खालच्या खोक्यात तुझे शर्ट आहेत, ते काढून घे."