पुंजारामांचा अडथळा

औरंगाबादच्या छावणीत पुंजाराम गवंड्याची ख्याती दुहेरी होती : त्यांची भिंत कलत नसे आणि मतही. निजामाची राजवट गेली, त्याचे नाणे गेले. परंतु देवाने मनुष्य स्वहस्ते घडवला, हे पुंजारामांचे मत जागचे हलले नाही.

त्यांच्या लेकीचे, सगुणेचे लग्न पैठणला विज्ञान शिकवणाऱ्या सूर्यभानशी ठरले. ख्रिस्ती मंडळीच्या रिवाजाप्रमाणे लग्नाची सूचना तीन रविवार चर्चमधल्या उपासनेत वाचायची आणि कोणास अडथळा ठाऊक असल्यास त्याने तिथेच सांगायचा. प्रत्यक्षात कोणी काही सांगत नसे. दोन रविवार निर्विघ्न गेले. मधल्या आठवड्यात सूर्यभान जेवायला आला आणि रश्श्यात भाकरी कुस्करताना बोलून गेला की, माणूस आणि वानर एकाच पूर्वजाची लेकरे. पुंजाराम गप्प राहिले. आवडाबाईंनी नवऱ्याला भांडताना पुष्कळदा पाहिले होते, गप्प कधी पाहिले नव्हते. त्या धास्तावल्या.

तिसऱ्या रविवारी सूचना वाचून होते न होते तोच वधूपिताच उभा राहिला.

पाळक गडबडले. "पुंजारामभाऊ, अडथळा म्हणजे आधीचं लग्न, नाहीतर जवळचं नातं."

"नात्याचंच बोलतोय, साहेब. नवरदेव वानराचा भाऊबंद निघाला."

बायकांनी तोंडाला पदर लावले. उपासनेनंतर पाळकांनी सासरे-जावयांना चर्चच्या ओट्यावर समोरासमोर बसवले. जेवणाची वेळ टळली, तरी मंडळीतले कोणी घरी जाईना.

"पडेगावच्या माळावर दगड जगाच्या आरंभापासनं पडलेत," पुंजाराम म्हणाले. "त्यांची एक तरी भिंत आपोआप उभी राहिली का? गवंडी लागतोच."

"मामा, दगडांना पिल्लं होत नाहीत. झाली असती तर सांगता आलं नसतं."

हशा पिकला. पुंजारामही हसले, पण क्षणभरच.

"माझ्या आज्याला पाटील चावडीच्या पायरीखाली बसवायचा. मिशनच्या माणसानं त्याला पहिल्यांदा सांगितलं, देवानं तुला आपल्या प्रतिरूपाचं केलंय. त्या एका बोलावर आमचं घर उभं राहिलं. आता तुम्ही म्हणता, माणूस पायरी-पायरीनं वर आला. मग खालच्या पायरीवर कुणाला बसवणार, हे आम्हाला इचारायला येणार हाय का कुणी?"

सूर्यभान म्हणाला, "मामा, पाटलाचंही मूळ तेच आहे की."

"पाटलाचंबी?" पुंजारामांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता उमटली, त्यांनी ती निग्रहाने आवरली. "ऐकायला लई गोड हाय. पण बराबरीच करायची, तर दोघांना देवाच्या घरी बसवा. वानराच्या दारात कशाला?"

"बाबा," सगुणा पुढे आली, "अडथळा मागं घेता, का मीच उठून सांगू, की माझ्या लग्नाला बापच आडवा आलाय?"

आवडाबाई म्हणाल्या, "सांग बाई. मला बी तीस वर्सांपासनं सांगायचंच हाय."

पुंजाराम जावयाकडे वळले. "वर्गात हा धडा शिकवताना माझा पायरीचा सवाल पोरांपुढं ठेवशील?"

"ठेवीन. उत्तर मात्र माझ्यापाशी नाही, हेही सांगेन."

या उत्तराने पुंजाराम नरमले. ते उठून आत गेले आणि वेदीसमोर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, अडथळा मागं घेतला. शंका ठिवली."

पाळकांनी घाईघाईने "आमेन" म्हटले.